हिटलरच्या नौदलाचं शिडाचं जहाज अमेरिकेकडे कसं गेलं? ईगल आणि त्याच्या भावंडांची गोष्ट

अमेरिकेच्या कोस्ट गार्डकडे ईगल नावाचं एक शिडाचं जहाज आहे. पांढरंशुभ्र, तीन डोलकाठ्या, २३ शिडं, लांबी जवळपास ९० मीटर. न्यू लंडन, कनेक्टिकट इथल्या कोस्ट गार्ड अकॅडमीचे कॅडेट त्यावर शिकतात. अमेरिकेत कुठे मोठा समुद्री सोहळा असला की हे हमखास पुढे असतं, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की हे असणार तिथलंच, त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातल्या एखाद्या जहाजावरून बेतलेलं वगैरे. तसं काही नाहीये. हे जहाज जर्मनीत, हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीत बांधलं गेलं, १३ जून १९३६ ला पाण्यात उतरवलं आणि त्या कार्यक्रमाला हिटलर स्वतः हजर होता. तेव्हा त्याचं नाव होतं होर्स्ट वेसेल, म्हणजे १९३० मध्ये मारल्या गेलेल्या आणि नाझींनी हुतात्मा करून टाकलेल्या एका कार्यकर्त्याचं नाव.

आता हे अमेरिकेकडे कसं गेलं हे सांगायचंच आहे, पण त्याआधी एक प्रश्न येतो. १९३६ साली पाणबुड्या होत्या, विमानवाहू जहाजं होती, तेलावर चालणारी इंजिनं होती, मग कुठल्याही नौदलाला नवं कोरं शिडाचं जहाज बांधायची गरजच काय पडली?

याचं उत्तर बरेच जण "समुद्राशी नातं जुळतं, वाऱ्याची भाषा कळते" अशा छापाचं देतात. ते अगदीच खोटं नाही पण माझ्या मते ती वरवरची बाजू आहे. खरं कारण एकदम व्यवहारी आहे. इंजिनाच्या जहाजावर नवशिक्या कॅडेटने चूक केली तर बऱ्याचदा ती दिसतच नाही, कोणीतरी सिनियर बटण दाबून निस्तरतो. शिडाच्या जहाजावर चूक लगेच सगळ्यांना दिसते, आणि एकट्याने निस्तरता येत नाही.

उदाहरण घ्यायचं तर जहाज वळवणं घ्या. ईगल हे बार्क प्रकारचं जहाज आहे, म्हणजे पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडवी चौकोनी शिडं, प्रत्येकीवर पाच, आणि मागच्या डोलकाठीवर लांबीच्या दिशेने लागणारी शिडं. चौकोनी शिडं पाठून वारा असला की जबरदस्त ओढतात पण वाऱ्याच्या अंगावर जायचं म्हटलं की त्यांचं काही चालत नाही, वाऱ्याच्या दिशेपासून साधारण ६०-७० अंश तिरकंच जावं लागतं. म्हणजे समोरून वारा असेल तर आधी डावीकडे तिरकं, मग उजवीकडे तिरकं, असं नागमोडी जायचं. आणि प्रत्येक वळणाला जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्यातून आरपार फिरवायची.

हे कसं होतं बघा. सुकाणूवरचे लोक चाक फिरवतात, नाळ वाऱ्याकडे वळायला लागते, शिडं फडफडतात, वेग पडायला लागतो. थोड्या वेळात वारा पुढच्या डोलकाठीच्या शिडांवर समोरून बसतो आणि ती शिडं उलटी दाबली जातात. नवख्या माणसाला वाटतं गेलं, सगळं फिसकटलं. पण तीच तर गंमत आहे, उलटी दाबलेली ती शिडंच नाळेला ढकलून पलीकडे नेतात. तेवढ्यात, अगदी बरोबर क्षणी, मधल्या डोलकाठीच्या सगळ्या आडव्या काठ्या (ज्यांना शिडं लटकवलेली असतात त्या) दोर ओढून दुसऱ्या बाजूला फिरवायच्या, एका टोळीने दोर सोडायचा, दुसरीने ओढायचा, आणि मग नाळ पुरेशी वळली की पुढच्या डोलकाठीच्या काठ्याही तशाच फिरवायच्या. लवकर फिरवल्या तर नाळ परत मागे येते. उशीर झाला तर जहाज वाऱ्यात तोंड करून जागच्या जागी अडकतं आणि चक्क मागे सरकायला लागतं. हे सगळं करायला डेकवर दोनशेच्या आसपास दोर, प्रत्येकाला वेगळं नाव, प्रत्येकाची बांधायची जागा ठरलेली, आणि कॅडेटने ते रात्रीच्या अंधारात हाताने चाचपून ओळखले पाहिजेत. ईगलवर सगळे दोर मिळून ९-१० किलोमीटर भरतात.

आता यात ज्या मुलाने दोर ओढलाय त्याला हुकूम पाळायचं कारण समजतं आणि ज्याने हुकूम दिलाय त्याला हे समजतं की आपण अर्धा मिनिट उशीर केला की चाळीस जणांची मेहनत वाया जाते. वर्गात बसवून हे शिकवता येत नाही. बहुतेक नौदलांनी शिडाची जहाजं ठेवली ती यासाठी.

पण शिकवणी धोक्याची होती. २६ जुलै १९३२ ला बाल्टिक समुद्रात, फेमार्न बेटाजवळ, जर्मन नौदलाचं नीओबे नावाचं प्रशिक्षण जहाज बुडालं. मुळात ते १९१३ साली डेन्मार्कमध्ये बांधलेलं मालवाहू जहाज, नंतर जर्मनांनी त्यात फेरफार करून प्रशिक्षणाला लावलेलं. उन्हाळ्याचा दिवस, आत उकडत होतं म्हणून खिडक्या आणि झाकणं उघडी. अचानक वाऱ्याचा जोरदार झपाटा आला, जहाज आडवं झालं, उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं आणि काही मिनिटांत सगळं संपलं. ६९ जण गेले, त्यात बरेचसे कोवळे कॅडेट.

इथे जहाज आडवं होऊनही परत उभं कसं राहतं हे समजून घेऊ, कारण पुढची सगळी जहाजं याच मुद्द्यावर बांधली गेली. जहाज कललं की पाण्यात बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, कललेल्या बाजूला जास्त भाग बुडतो, त्यामुळे पाणी त्याला त्या बाजूने वर ढकलतं. त्याच वेळी जहाजाचं स्वतःचं वजन खाली ओढत असतं. हे वजन जितकं तळाशी तितकी ही वर-खाली जोडी जहाजाला सरळ करायला जास्त मदत करते, म्हणून तळात शेकडो टन लोखंड किंवा शिसं भरून ठेवतात, त्याला बॅलास्ट म्हणतात. शिवाय जहाज जसजसं आडवं होतं तसतसा शिडांवरचा वारा निसटून जातो, म्हणजे पाडणारा जोर आपोआप कमी होतो. पण हा सगळा हिशेब एका अटीवर चालतो, पाणी आत येता कामा नये. एकदा आत पाणी शिरलं की ते कललेल्या बाजूलाच जमा होतं आणि वर सांगितलेलं सगळं उलटं काम करायला लागतं. नीओबेचं हेच झालं.

लोकांमध्ये मोठी हळहळ होती, आणि नौदलाने ठरवलं की जुन्यात फेरफार नको, मुळापासून प्रशिक्षणासाठीच जहाज बांधायचं. ब्लोम उंड फॉसने ते सुमारे १०० दिवसांत बांधलं आणि ३ मे १९३३ ला पाण्यात सोडलं. पोलादी सांगाडा, तळात भरपूर बॅलास्ट, पाणी एका भागातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून आडव्या भिंती. जवळपास ९० अंश कललं तरी परत उभं राहील असा आराखडा. नाव ठेवलं गोर्क फॉक. हे योहान किनाऊ नावाच्या जर्मन लेखकाचं टोपणनाव, तो पहिल्या महायुद्धात १९१६ च्या जटलँडच्या लढाईत मेला.

आराखडा इतका जमला की त्यावर एकामागोमाग जहाजं निघाली. १९३६ मध्ये होर्स्ट वेसेल, पहिल्यापेक्षा थोडं लांब. १९३७ मध्ये आल्बर्ट लेओ श्लागेटर. मग रोमानियाच्या नौदलाने ऑर्डर दिली, त्यांच्यासाठी मिर्चा. आणि पाचवं हेर्बर्ट नोर्कुस, ते १९३९ मध्ये पाण्यात उतरलं पण युद्ध सुरू झाल्यावर कधी पूर्णच झालं नाही. नावं बघितली तर राजकारण सरळ दिसतं, पहिलं लेखकाच्या नावाचं, आणि नंतरची तिन्ही जर्मन जहाजं नाझी प्रचारातल्या "हुतात्म्यांची".

युद्धात ही जहाजं फारशी कामाची नव्हती. एवढी उंच डोलकाठी लांबूनच दिसते, वेग वाऱ्यावर अवलंबून. होर्स्ट वेसेल सुरुवातीला बंदरातच उभं होतं, मग १९४२ पासून परत प्रशिक्षणाला काढलं, त्यावर विमानविरोधी तोफा बसवल्या, माल वाहिला, शेवटी शेवटी पूर्वेकडून पळणारे निर्वासितही वाहिले. श्लागेटर नोव्हेंबर १९४४ मध्ये सुरुंगावर आदळलं पण बुडालं नाही. गोर्क फॉकचं नशीब वाईट, १ मे १९४५ ला सोव्हिएत फौजा जवळ आल्या म्हणून जर्मनांनी ते स्ट्राल्सुंडजवळ उथळ पाण्यात स्वतःच बुडवलं. अर्धवट राहिलेलं हेर्बर्ट नोर्कुस युद्धानंतर विषारी वायूचे बॉम्बगोळे भरून समुद्रात बुडवून टाकलं.

आता अमेरिकेची बाजू. अमेरिकन कोस्ट गार्डला शिडाचं जहाज हवं होतं हे काही जर्मन जहाज बघून डोक्यात आलेलं नव्हतं. त्यामागे एक डॅनिश जहाज आहे आणि माझ्या मते या गोष्टीत सगळ्यात कमी श्रेय मिळालेलं पात्र तेच आहे. डॅनमार्क नावाचं डेन्मार्कचं प्रशिक्षण जहाज १९३९ मध्ये अमेरिकेच्या भेटीवर गेलं होतं, युद्ध सुरू झालं म्हणून तिथेच थांबलं, आणि एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क ताब्यात घेतलं. परत जायचं कुठे? जहाज फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला अडकून पडलं. पुढे पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर कॅप्टन क्नुड हान्सेनने जहाज आणि खलाशी दोन्ही अमेरिकन सरकारच्या हवाली करायची तयारी दाखवली. ते न्यू लंडनला आणलं आणि युद्धाच्या काळात डॅनिश खलाशांच्या हाताखाली अमेरिकेचे सुमारे ५,००० कॅडेट त्यावर शिकले. १९४५ मध्ये डेन्मार्क मोकळा झाला, जहाज घरी गेलं, आणि अकॅडमीच्या लोकांना आपलं काय गेलं ते लगेच कळलं.

त्याच सुमारास जर्मन नौदलाची वाटणी चालू होती. ब्रिटन, अमेरिका आणि सोव्हिएत युनियन यांच्यात जहाजं वाटून घ्यायची होती, नुकसानभरपाई म्हणून. कोणती कोणाला ते चिठ्ठ्या टाकून ठरलं आणि होर्स्ट वेसेल अमेरिकेच्या वाट्याला आलं. कोस्ट गार्ड अकॅडमीने ते मागून घेतलं. १५ मे १९४६ ला ब्रेमरहाफेनमध्ये कमांडर गॉर्डन मॅकगोवनच्या हाताखाली ते ईगल नावाने कोस्ट गार्डच्या सेवेत दाखल झालं. हे नाव त्यांच्याकडे जुनंच, पहिलं ईगल १७९२ सालचं.

पण कागदावर दाखल होणं आणि समुद्रात नेणं यात फार फरक आहे. बंदर बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेलं, शिडाचं कापड, दोर, रंग काहीच सरळ मिळत नव्हतं. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे असलं जहाज चालवता येणारे अमेरिकन पुरेसे नव्हतेच. मग जर्मन कॅप्टन बेर्टोल्ड श्निबं आणि त्याच्या बऱ्याचशा खलाशांनाच सोबत घेतलं. म्हणजे वर्षभरापूर्वी एकमेकांचे शत्रू असलेले लोक आता एकाच दोराला लागलेले, हुकूम इंग्रजीत निघायचा, तो जर्मनमध्ये सांगायचा, मग दोर ओढला जायचा. वर दिलेलं वळवण्याचं वर्णन आठवा, त्यात अर्ध्या मिनिटाच्या चुकीने काय होतं ते, आणि मध्ये भाषांतर घालून बघा. प्लिमथ, मदीरा, बर्म्युडा करत निघाले आणि बर्म्युडा सोडून न्यूयॉर्ककडे जाताना नेमके हरिकेनमध्ये सापडले. काही शिडं फाटून गेली, पण जहाज सुखरूप पोचलं. नीओबेनंतर आखलेल्या त्या आराखड्याची ही कडक परीक्षाच म्हणायची.

नाळेवर मूळचा गरुड होता, त्याच्या पायात स्वस्तिक होतं, ते काढून तिथे कोस्ट गार्डचं चिन्ह आलं. जहाज बाकी तेच. मागचं सुकाणूचं चाक अजून तिहेरी आहे, एकाच दांड्यावर तीन मोठी चाकं, आणि खराब हवेत त्यावर सहा माणसं लागतात. आडव्या काठीवर चढायची पद्धतही तीच, बाजूच्या दोरशिडीने वर जायचं, काठीखाली लटकणाऱ्या दोरावर पाय ठेवून पोटाने काठीवर ओणवं व्हायचं आणि दोन्ही हातांनी जड कापड मुठीत घेऊन गुंडाळायचं. आता कमरेला सेफ्टी हार्नेस असतो. पुढच्या दोन डोलकाठ्या सुमारे ४५ मीटर उंच आहेत, त्यामुळे खाली जहाज थोडंसं डुललं तरी वर बसलेला माणूस बराच लांब इकडून तिकडे फिरतो.

बाकी भावंडांचं काय झालं ते पण ऐकण्यासारखं आहे. श्लागेटर अमेरिकेच्या ताब्यात गेलं पण त्यांना दुसरं नको होतं, ते १९४८ मध्ये ब्राझीलला गेलं आणि ग्वानाबारा झालं. तिथून १९६१ मध्ये पोर्तुगालने विकत घेतलं आणि साग्रेश नाव दिलं, आजही ते त्यांच्या नौदलात आहे. बुडवलेलं गोर्क फॉक सोव्हिएत लोकांनी १९४७ मध्ये वर काढलं, दुरुस्त केलं आणि १९५१ पासून तोवारिश्च, म्हणजे कॉम्रेड, या नावाने चालवलं. पुढे त्याचं बंदर युक्रेनमधलं खेरसोन, त्यामुळे सोव्हिएत युनियन फुटल्यावर ते युक्रेनकडे आलं. पण दुरुस्तीला पैसे नव्हते, काही वर्षं इंग्लंडमध्ये पडून राहिलं, शेवटी १९९९ मध्ये जर्मनीत परत आणलं आणि २००३ मध्ये स्ट्राल्सुंडला, म्हणजे जिथे बुडवलं होतं तिथेच, जुन्या नावाने म्युझियम म्हणून बांधून ठेवलं. मिर्चा रोमानियाकडेच राहिलं, मध्ये काही काळ सोव्हिएतांनी नेलं होतं तेवढंच.

१९५० च्या दशकात पश्चिम जर्मनीने नवं नौदल उभारलं आणि परत तोच प्रश्न, शिडाचं जहाज हवं का? चर्चा चालू असतानाच सप्टेंबर १९५७ मध्ये पामीर बुडालं. हे चार डोलकाठ्यांचं मालवाहू प्रशिक्षण जहाज, जव भरून येत होतं, अझोर्स बेटांच्या पश्चिमेला हरिकेनमध्ये सापडलं, सुटं भरलेलं धान्य एका बाजूला सरकलं आणि जहाज कललं ते परत उठलं नाही. ८६ पैकी ६ जण वाचले. परत तेच गणित, वजन तळाशी आणि जागच्या जागी राहिलं पाहिजे. एवढ्या धक्क्यानंतर प्रकल्प गुंडाळला जाईल असं वाटलं असतं, पण नाही, सुरक्षेच्या जास्त सोयी करून त्याच गोदीत, त्याच जुन्या आराखड्यावर, १९५८ मध्ये दुसरं गोर्क फॉक बांधलं. त्याच्याही वाट्याला कटकटी आल्या. २००८ मध्ये रात्री एक कॅडेट समुद्रात पडून मरण पावली, २०१० मध्ये दुसरी डोलकाठीवरून पडून मरण पावली आणि त्यावरून प्रशिक्षणाच्या पद्धतीवर देशभर वाद झाला. मग दुरुस्ती निघाली, अंदाज होता सुमारे १ कोटी युरोचा, आणि झाले शेवटी १३.५ कोटी. २०२१ मध्ये ते एकदाचं नौदलाकडे परत आलं. एवढ्या पैशात नवं बांधता आलं असतं असं अनेकांचं मत होतं, आणि आकडा बघता त्यांना फार चूक म्हणवत नाही.

ही सगळी भावंडं एकत्र आली ती ४ जुलै १९७६ ला न्यूयॉर्कमध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली तेव्हाच्या ऑपरेशन सेलमध्ये. शीतयुद्ध चालू होतं, आणि हडसन नदीतल्या मिरवणुकीत पुढे अमेरिकेचं ईगल, आणि त्याच ताफ्यात पश्चिम जर्मनीचं गोर्क फॉक, पोर्तुगालचं साग्रेश, रोमानियाचं मिर्चा आणि सोव्हिएत तोवारिश्च. एकाच गोदीतून निघालेली पाच जहाजं, पाच देशांचे झेंडे, त्यातले दोन नाटोच्या समोरच्या गटातले. याच वर्षी ईगलच्या अंगावर कोस्ट गार्डचा तो तिरका लाल-निळा पट्टा रंगवला, जो बाकीच्या बोटींवर १९६७ पासून होता. जुन्या वळणाच्या लोकांना तो पट्टा अजिबात आवडला नव्हता, अशा देखण्या जहाजाला हे कशाला म्हणून. पुढच्या वर्षीपासून मुलीही कॅडेट म्हणून ईगलवर यायला लागल्या.

२०१४ ते २०१८ या काळात ईगलला बाल्टिमोरच्या गोदीत टप्प्याटप्प्याने मोठी दुरुस्ती मिळाली, म्हणजे अजून बरीच वर्षं ते चालवायचा त्यांचा विचार दिसतोय.

कधी फोटोत किंवा बंदरात यातलं एखादं दिसलं तर ओळखायचं कसं ते सांगतो, कारण लांबून सगळी सारखीच दिसतात. शिडांवर मोठे लाल क्रॉस असतील तर ते साग्रेश, नाळेवर पोर्तुगालच्या जुन्या काळातल्या राजपुत्र हेन्रीचा पुतळा. अंगावर तिरका पट्टा आणि नाळेवर सोनेरी गरुड असेल तर ईगल. नाळेवर दाढीवाला राजा असेल तर मिर्चा, तो तिथला मध्ययुगीन राजा मिर्चा. आणि पंख पसरलेला अल्बाट्रॉस पक्षी असेल तर जर्मन नौदलाचं नवं गोर्क फॉक, तो पक्षी मात्र वादळात बऱ्याचदा तुटून गेलाय आणि परत परत नवा बसवावा लागलाय, त्यामुळे जागा रिकामी दिसली तरी ते गोर्क फॉक असू शकतं.